सुटत नाही, तो दोष कुणाचा?

आमच्या खंडाळ्यात गाड्यांची वर्दळ नवी नाही. पण आमच्यातल्या एकीच्या ट्रंकेत सापडलेली गाडी तळहाताएवढी! प्लॅस्टिकच्या चौकटीत पंधरा तुकडे, एक घर रिकामं. सरकवत मोटारीचं चित्र जुळवायचं. मोटार कंपन्या पूर्वी अशी कोडी गिऱ्हाइकांना फुकट वाटत. जाहिरात आपली खिशातच राहायची.

मूळ खेळ आकड्यांचा. १८८० साली अमेरिकेत त्याचं वेड पसरलं होतं. कधी शेवटी १३, १५, १४ असं अडतं, काही केल्या सुटत नाही. तिच्या लेकीचंही दोन चाकांपाशी अडलं, आणि आम्ही तिला मठ्ठ म्हणून मोकळ्या झालो.

खरं तर कुणीतरी तुकडे उपसून कसेही बसवले होते. रिकामं घर जितकं वर, तितकं खाली; जितकं डावीकडे, तितकं उजवीकडे, तेव्हाच ते कोपऱ्यात परततं. म्हणजे सरकवणं नेहमी सम. दोनच तुकड्यांची अदलाबदल विषम. ती जमणारच नाही. १८७९ मध्येच गणितज्ञांनी हे सिद्ध केलंय.

मग दोन चाकं उचकटून बदलायची. किंवा आभाळाचे दोन सारखेच निळे तुकडे असतील, तर एकाच्या जागी दुसरा आणायचा. लेकीनं आभाळ बदललं, गाडी जुळली. तिची माफी मागायची राहिलीय, ती आज इथंच मागतो.