देठाचा वास आणि अफवेची पारख

देवगडचा जाणता माणूस पेटीवरचे नाव वाचून आंबा घेत नाही. देठापाशी वास घेऊन खातरजमा करतो. मग तोच चोखंदळ माणूस मोबाइलवर आलेला ‘मुले पळवणारी टोळी आली’ हा मजकूर क्षणार्धात पुढे का धाडतो?

कारण भय विवेकाच्या आधी धावते. आणि तोच मजकूर मामाकडून, शेजाऱ्याकडून, मित्राकडून आला, की एकाच मुखातून निघालेली वार्ता तीन स्वतंत्र साक्षींसारखी भासू लागते, जसा आढीतील एका नासक्या आंब्याचा दर्प साऱ्या आढीचा वाटावा.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे याच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या काळी देशभर फिरलेली मूल पळवतानाची एक चित्रफीत वस्तुतः कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवट तेवढा कापलेला होता.

म्हणून ज्या मजकुरात तारीख, गाव वा कचेरीचे नाव नाही, पण ‘ताबडतोब सर्वांना पाठवा’ अशी घाई आहे, तेथे बोट आवरावे आणि पोलीस ठाण्यात शहानिशा करावी. न धाडलेला एक निरोप कुणा परक्या वाटसरूचे प्राण वाचवू शकतो.