ऑफिसचा आयपी सारखा बदलतो, मग व्हीपीएन कसं लावायचं?
तर मंडळी, छोट्या ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी कधीही बदलतो आणि घरून टॅली उघडत नाही. वैतागून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट जगाला उघडू नका हं, रॅन्समवेअरवाले तोच शोधत असतात.

आधी फायरवॉलमध्ये वॅनचा आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर तो सीजीनॅटचा, म्हणजे एक पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. तिथे डायनॅमिक डीएनएसचा उपयोग नाही, स्टॅटिक आयपी मागा. मी तर सरळ पैसे भरतो.

पब्लिक असेल तर डीडीएनएस लावा. नियमात आकडा न टाकता 'वॅन अ‍ॅड्रेस' निवडा. लॅपटॉपवरचं वायरगार्ड मात्र टनेल सुरू होतानाच नावावरून आयपी शोधतं. अडकलं तर बंद करून परत चालू करा.