वाया जाणाऱ्या विजेचा पाठलाग

कारखान्यात यंत्राकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्याला चालवणारं पॅनेल मात्र बहुतेक वेळा काही बिघडल्यावरच उघडलं जातं. दार उघडावं तर आत पट्टीवर ओळीने बसवलेला एसएमपीएस, शेजारी यंत्राला क्रमवार आज्ञा देणारा पीएलसी, खाली मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी किंवा सर्व्हो ड्राइव्ह. मोटरला किती वीज द्यायची, तिने किती वेगाने फिरायचं आणि नेमकं कुठे थांबायचं, हे इथे ठरतं. या वस्तू बनवणारी तैवानची डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स आपल्या एमआयडीसीतल्या पॅनेलवाल्यांच्याही ओळखीची आहे. तिचा प्रवास पाहिला की विजेची बचत किती खोलवर सुरू होते, ते कळतं.

संस्थापक ब्रूस चेंग यांचा जन्म १९३६चा, चीनच्या फूच्येन प्रांतातला. १९४८मध्ये ते मामाबरोबर तैवानला आले आणि आईवडिलांशी कित्येक वर्षांची ताटातूट झाली. ताइनानच्या विद्यापीठात ते विद्युत अभियांत्रिकी शिकले, नोकऱ्या केल्या आणि १९७१मध्ये तायपेईजवळ १५ माणसांनिशी स्वतःची कंपनी काढली. पहिला माल होता टीव्हीला लागणारे छोटे ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल.

तैवानमध्ये तेव्हा कारखाने झपाट्याने वाढत होते आणि वीज अपुरी पडू लागली होती. आहे ती वीज वाया जाऊ दिली नाही, तर नव्या वीजकेंद्रांची गरजही कमी होईल, हा विचार चेंग यांनी धरून ठेवला. १९८३मध्ये कंपनी स्विचिंग पॉवर सप्लाय, म्हणजेच एसएमपीएस, बनवू लागली.

उष्णता म्हणजे गेलेली वीज

जुन्या पद्धतीच्या लिनियर सप्लायमध्ये जास्तीचं व्होल्टेज ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन जिरतं. त्यात निम्मी वीज वाया जाणं नवलाचं नव्हतं. स्विचिंगमध्ये तोच ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळपास नसतं, बंद असताना प्रवाह नसतो. मग तो फारसा तापणार कशाने? शिवाय वारंवारता वाढल्यामुळे ट्रान्सफॉर्मर तळहातावर मावेल इतका लहान होतो.

नव्वदच्या दशकात डेल्टा औद्योगिक ड्राइव्हकडे वळली, तेव्हा मुळातली युक्ती हीच होती. व्हीएफडी आधी ४१५ व्होल्टच्या थ्री फेजचं डीसी करतो. आतल्या कपॅसिटरवर साधारण ५८७ व्होल्ट साठतात. मेन स्विच बंद केल्यावरही काही मिनिटं ड्राइव्ह उघडायचा नाही, अशी सूचना त्यावर असते ती याचसाठी. ती सूचना जिवाशी निगडित आहे. पुढे आयजीबीटी नावाचे ट्रान्झिस्टर या डीसीचे बारीक तुकडे करतात आणि मोटरला हवी त्या वारंवारतेची वीज मिळते.

याचा मोठा लाभ पंखे आणि पंपांना होतो. तिथे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती सुमारे ५१ टक्केच लागते. पाणी उंच चढवणाऱ्या पंपात बचत याहून कमी होते. दिवसभर पूर्ण वेगानेच फिरायचं असलेल्या मोटरला तर ड्राइव्ह लावून वीज वाचत नाही. तरीही जगातली जवळजवळ निम्मी वीज मोटरवर चालणाऱ्या यंत्रणाच वापरतात, हे लक्षात घेतलं की या हिशेबाचं मोल समजतं.

अचूकतेची बचत

सर्व्होमध्ये वेगाइतकीच जागाही महत्त्वाची. मोटरच्या मागचा एन्कोडर शाफ्ट किती फिरला ते सतत ड्राइव्हला कळवतो. फरक दिसला की ड्राइव्ह तत्क्षणी सुधारणा करतो. २४ बिटचा एन्कोडर एका फेरीचे १ कोटी ६७ लाखांहून अधिक भाग मोजतो. पिशव्या भरणाऱ्या यंत्रात कट चिन्हावरच पडला, तर फिल्म वाचते, आतला माल वाचतो आणि तो बनवायला लागलेली वीजही वाचते.

चेंग २०१२मध्ये अध्यक्षपदावरून पायउतार झाले. आहे ती वीज वाया जाऊ न देण्याची त्यांची शिकवण आपल्या लहान कारखान्यालाही लागू पडते. नवं यंत्र घेण्याआधी शेडमध्ये एक फेरी मारा. मोटर पूर्ण वेगात आणि पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद, असा पंप सापडला, तर वर्षभराचं बिल आणि ड्राइव्हची किंमत शेजारी शेजारी मांडा. हे काम आयटीआय झालेला कुणीही वायरमन एका दुपारी करू शकतो, आणि ते करायलाच हवं.