डबा बंद, गंज चालू

मुंबई-पुण्याच्या हौशी अँगलरला महासीर माशासाठी कुमाऊं गाठायचे तर एक सोयीचा रस्ता लखनौवरून जातो. पुष्पक एक्सप्रेसने लखनौ, पुढे काठगोदामची गाडी. लखनौला चारबागेत दोन स्थानके शेजारी शेजारी आहेत. घुमट-छत्र्यांचे ते प्रसिद्ध चारबाग स्टेशन म्हणजे तिथल्या लोकांची ‘बडी लाइन’, आणि बाजूचे लखनौ जंक्शन म्हणजे ‘छोटी लाइन’. खांद्यावर रॉडची नळी आणि हातात तीन मजल्यांची, पायऱ्यांसारखी उघडणारी भलीमोठी पेटी घेऊन एकीकडून दुसरीकडे निघालेल्या माणसाला तिथली गर्दी अर्ध्या वाटेतच सांगून टाकते की पेटीची निवड चुकली.

‘मोठी पेटी घ्यावी, म्हणजे सगळे एका जागी राहते’ हा समज त्या पेटीइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या प्लॅनो कंपनीने १९५२ मध्ये साच्यातून काढलेली प्लास्टिकची पेटी आणली. तोवर पेट्या पत्र्याच्या असत. होडीत बसून दिवस घालवणाऱ्याला ती पेटी आजही बरी. प्रवाशाचे गणित मात्र निराळे. रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री टियरला ४० किलो सामान फुकट नेता येते, त्यामुळे वजनाची अडचण सहसा येत नाही. आकाराची येते. एसी थ्री टियरमध्ये पेटीला ५५ × ४५ × २२.५ सेंमीची मर्यादा आहे. शिवाय आडव्या-उभ्या धक्क्यांत वरच्या मजल्यावरचे ल्यूर, म्हणजे नकली आमिषे, खालच्यात उतरतात आणि पेटी उघडल्यावर हाती येतो तो तीन टोकांच्या गळांचा एकच गुंता. त्यापेक्षा चपटे डबे आणि ते मावतील अशी कापडी बॅग बरी. अशा डब्यांचे ‘३६००’ आणि ‘३७००’ हे आकडे प्लॅनोचेच, पण आता दुकानदार ते माप म्हणूनच वापरतात. ३६०० साधारण २८ सेंमी लांब, ३७०० साधारण ३६. नदीवर त्या दिवशी लागतील ते दोन डबे न्यावेत, बाकीचे खोलीवर राहू द्यावेत.

दुसरा समज याहून जास्त नुकसान करतो: डब्याला रबरी कड असली, पाणी आत शिरत नसले, की गळ गंजत नाहीत. रबरी कड बाहेरचे पाणी बाहेर ठेवते हे खरे. पण आतले पाणीही ती तितक्याच निष्ठेने आत ठेवते. दिवसभरात दोन-तीन ल्यूर बदलले, ओलेच कप्प्यात टाकले, झाकण दाबून बंद केले, की त्यांचे पाणी वाफ होऊन सगळ्या कप्प्यांत पसरते. मग जे ल्यूर पाण्याला लागलेही नव्हते त्यांच्या गळांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. डब्यातला एखादा गळ उचलून नीट पाहावा. गंज आधी धरतो टोकाला, कारण दगडावर घासून तिथला मुलामा गेलेला असतो, आणि नंतर गळ अडकवायच्या बारीक रिंगेला, कारण तिच्या दोन वेढ्यांमध्ये पाण्याचा थेंब अडकून बसतो.

कोकणात गरवणाऱ्यांच्या वाट्याला वर मीठही येते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. म्हणजे वरवर सुकलेला खारा ल्यूर पावसाळ्यात डब्यात बसल्या बसल्या पुन्हा ओला होतो. जिताड्यासाठी खाडीत वापरलेला ल्यूर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण सुकवूनच आत जावा. याला पळवाट नाही.

‘आम्ही नदीवर जातो, आम्हाला गंजाची काय भीती’ असे म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ फक्त वेग वाढवते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की पोलाद झपाट्याने गंजू लागते, आणि गोमतीकाठच्या लखनौमध्ये श्रावण-भाद्रपदात ती सहज त्याच्या पुढे असते, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर सकाळभर. स्टेनलेस गळ उशिरा गंजतो एवढेच. बहुतेक ल्यूरना मुळात मुलामा दिलेल्या कार्बन पोलादाचे गळ असतात.

मग लोक सिलिका जेलकडे वळतात. बुटांच्या खोक्यातली पुडी डब्यात टाकली की काम झाले, अशी समजूत असते. पण ती पुडी महिनोन् महिने हवा खाऊन बहुधा आधीच भरलेली असते. रंग बदलणारे दाणे घ्यावेत. नारिंगी दाणे हिरवे पडले की ते भिजले. साधारण १२० अंशांवर तास-दोन तास तापवले की ते पुन्हा कामाला येतात. निळे दाणे टाळलेले बरे, कारण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक मानले जाते. गंजरोधक वाफ सोडणारे कागद आणि कप्पेही मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण बंद डब्यात आणि सुक्या ल्यूरवर.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज गंजाचा नसून प्लास्टिकचा आहे. ‘प्लास्टिक ते प्लास्टिक, कुठल्याही डब्यात ठेवा.’ मऊ ल्यूर, म्हणजे गांडुळे, शेपटीचे मासे, मरळीसाठीचे पोकळ बेडूक, हे बहुधा पीव्हीसीचे असतात आणि त्यांना मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. ते द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि पॉलिस्टायरीनला विरघळवते. दोन महिन्यांनी डबा उघडला तर गांडूळ तळाशी चिकटलेले, तळ चिघळलेला आणि शेजारच्या कडक ल्यूरचा रंग सुटलेला, अशी अवस्था होते. पीव्हीसीचा ल्यूर आणि ताणला जाणारा टीपीई जातीचा ल्यूर एकत्र ठेवले तर दोघांचा मिळून चिकट गोळा होतो. काळ्या-लाल ल्यूरचा रंग पांढऱ्यात उतरतो तो वेगळाच.

उपाय स्वस्त आहे. डबा उलटा करून तळाचा त्रिकोण पाहावा. आत ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते या द्रव्याला दाद देत नाही. ६ असेल तर पॉलिस्टायरीन, म्हणजे मऊ ल्यूरसाठी बाद. काचेसारखे लख्ख, पण दाबले की कडकन तडकणारे डबे बरेचदा याच दुसऱ्या जातीचे असतात. स्वयंपाकघरातल्या साध्या डब्यांवर ५ चा आकडा अनेकदा सापडतो आणि ते परदेशी डब्यांच्या तुलनेत किरकोळ भावात येतात. त्याहून सोपे म्हणजे मऊ ल्यूर मूळ पाकिटातच ठेवावेत. बेडूक मात्र दुमडून कोंबू नये, दबलेला आकार तसाच राहतो. आणि मे-जूनमध्ये, पारा ४५ कडे जात असताना, डबा उन्हातल्या गाडीत सोडू नये. मऊ ल्यूर तेल सोडतात, पोकळ कडक ल्यूर आतल्या हवेने फुगून सांध्यावर उकलतात.

थर्माकोलच्या तुकड्यात गळ टोचून ठेवायची आपल्याकडची सवय सोडवत नाही, कारण ती फुकटात होते. पण थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, मऊ ल्यूरखाली वितळणारे. स्पंजात टोचले तर तो ओल धरून ठेवतो आणि नेमके टोकच गंजते. तीन टोकांच्या गळांवर घालायच्या छोट्या टोप्या मिळतात, त्या घ्याव्यात.

रंगांप्रमाणे लावलेला डबा फोटोत छान दिसतो, पाण्यावर कामाचा नसतो. मासा आणि खोली यांप्रमाणे लावावे: मरळीचे बेडूक एकीकडे, महासीरचे स्पून आणि खोल जाणारे ल्यूर दुसरीकडे. उत्तर प्रदेशाचा राज्यमासा चिताला लहान माशांवर जगतो, म्हणजे ल्यूरच्या माणसाला आशेला जागा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा केलेले पापलेट जाळ्याचे गिऱ्हाईक, त्याच्यासाठी कप्पा राखून ठेवायची गरज नाही.

राहिली शिशाची वजने. ती ल्यूरच्या डब्यात मोकळी टाकू नयेत. धक्क्यात आपटून रंगाचे टवके काढतात, आणि शिसे विषारी आहे. ब्रिटनने गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर १९८७ मध्येच बंदी घातली. घरात लहान मूल असेल तर वजनांची डबी वेगळी, घट्ट झाकणाची आणि उंच फळीवर ठेवा, आणि हाताळल्यावर हात धुऊन मगच जेवायला बसा.