उस्ताद घडतो कुठे?

मदरशांवरचा वाद महाराष्ट्रात पेटतो तो बहुधा पुस्तकांवरून. गणित आहे का, विज्ञान आहे का, शेकडो वर्षांपूर्वीचा अरबी ग्रंथ अजून का चालतो, असे प्रश्न विचारले जातात. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि इंग्रजी न शिकवणाऱ्या मदरशांतली मुले शाळाबाह्य धरण्याचे ठरवले, तेव्हाही चर्चा या चार विषयांपाशीच अडली. ते विषय कोण शिकवणार आणि मूळचे धार्मिक विषय आज शिकवतो त्याला शिकवण्याचे शिक्षण कुठे मिळाले, हे फारसे कोणी विचारले नाही. माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकाने धरलेला आहे. इस्लामी शिक्षणातला कच्चा दुवा अभ्यासक्रमाहून अधिक शिक्षकाच्या घडणीत आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीसारख्या कोपऱ्यातल्या गावात तो सर्वांत ठळक दिसतो.

अभ्यासक्रम गोठलेला आहे, ही समजूत इतिहासाला धरून नाही. उपखंडातल्या बहुतेक मदरशांचा पाया असलेला दर्स-ए-निजामी हा लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि व्याकरण यांचाच भरणा होता, कारण त्यातून मोगल काळातले काजी आणि कारभारी तयार व्हायचे. राज्य गेले, तशी ती गरजही गेली. १८६६ मध्ये सुरू झालेल्या देवबंदच्या मदरशाने तोल हदीसकडे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांकडे, झुकवला आणि शेवटचे वर्ष हदीसच्या सहा मोठ्या संग्रहांना दिले. तेच ‘दौरा-ए-हदीस’. १८९० च्या दशकात नदवतुल उलमा या संस्थेने त्याही पुढे जाऊन जिवंत अरबी भाषा, इतिहास आणि इंग्रजीची मागणी केली. म्हणजे दोन-अडीचशे वर्षांत पुस्तके आली, गेली, मागे-पुढे झाली. शिक्षक नेमण्याची पद्धत मात्र फारशी हलली नाही. जो शिकून बाहेर पडला तो दुसऱ्या दिवसापासून शिकवू शकतो, हे गृहीतच धरले गेले.

हे गृहीतक अगदीच खुळे नव्हते, आणि ते का टिकले हे समजून घेतल्याशिवाय त्यावर टीका करण्यात अर्थ नाही. मदरशात विद्यार्थी उद्याचा पाठ आदल्या दिवशी स्वतः वाचून ठेवतो. त्याला मुतालआ म्हणतात. वर्गात तो मूळ ग्रंथ मोठ्याने वाचतो, उस्ताद ओळ फोडून सांगतो. संध्याकाळी मुले गोल करून बसतात आणि त्यांच्यातला एखादा हुशार मुलगा उस्तादाचा सगळा धडा पुन्हा सांगतो, शंका घेतो, शंका सोडवतो. ही ‘तकरार’, म्हणजे गटातली उजळणी. रोज तकरार चालवणारा मुलगा सात-आठ वर्षांत शेकडो वेळा शिक्षकाच्या जागी बसलेला असतो. आपल्या किती अध्यापक विद्यालयांत एवढा सराव मिळतो? देवबंदमध्ये तर निवडक नव्या आलिमांना, म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना, ‘मुईन मुदर्रिस’ (साहाय्यक शिक्षक) म्हणून काही काळ खालच्या वर्गांवर ठेवतात. हिफ्जची, म्हणजे कुरआन पाठ करण्याची, पद्धतही अशीच पक्की आहे. नवा सबक (धडा), गेल्या काही दिवसांचा सबक पारा आणि जुना आमोख्ता, असे तिन्ही पाठ हाफिज होणारा मुलगा रोज ऐकवतो. विसरण्याआधी उजळणी हे तत्त्व तिथे पिढ्यान् पिढ्या राबते आहे.

पण ही सगळी घडण मोठ्या मुलांना ग्रंथ शिकवण्यासाठी आहे. सहा वर्षांच्या पोराला कायदा, म्हणजे अक्षरओळखीचे पुस्तक, शिकवणे हे वेगळे काम आहे, आणि मदरशातून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळांच्या वाट्याला नेमके तेच येते. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवले की शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मदरशात जातात. त्यांहून कितीतरी जास्त मुले शाळा सांभाळून सकाळी किंवा संध्याकाळी मशिदीच्या मक्तबमध्ये, म्हणजे प्राथमिक धर्मशिक्षणाच्या वर्गात, तास-दोन तास बसतात. तिथे तकरार चालत नाही. एकेका मुलाला जवळ बोलावून सबक ऐकायचा, बाकीच्यांनी डुलत बसायचे, आणि गोंगाट वाढला की छडी उचलायची, अशी सवय अनेक ठिकाणी पडली आहे.

यावर धर्मनिष्ठ माणसाचा आक्षेप ठरलेला असतो. उस्ताद सोहबतीतून, म्हणजे गुरूच्या सहवासातून, घडतो, प्रशिक्षणाचे खूळ सरकारी शाळांचे आहे, असे तो म्हणतो. त्याला उत्तर परंपरेतच सापडते. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’त शिकवण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. जास्त कडक वागवल्याने मूल खोटारडे आणि दबलेले होते, एकच विषय पायऱ्यापायऱ्यांनी फिरून शिकवावा, असे त्याने तेव्हाच बजावले. विसाव्या शतकात उत्तर प्रदेशातल्या हरदोईचे मौलाना अबरारुल हक नूरानी कायदा नीट शिकवता यावा म्हणून शिक्षकांनाच उच्चारांपासून धडे देत. मुंबईच्या इदारा-ए-दीनियातने मक्तबसाठी कुरआन, हदीस, श्रद्धा व नियम, संस्कार आणि भाषा असा पाच भागांचा आखीव अभ्यासक्रम केला. सगळ्या वर्गाने एकत्र शिकावे यावर त्याचा भर आहे. फळा हे काही परक्या धर्माचे उपकरण नव्हे.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वेगळा प्रयोग झाला तो नंदुरबार जिल्ह्यात. अक्कलकुवा हाही अहेरीसारखाच आदिवासी, डोंगर-जंगलाचा, राज्याच्या सीमेवरचा तालुका. तिथे १९७९ मध्ये मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी सहा विद्यार्थी आणि एका शिक्षकासह जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था सुरू केली. पुढे त्या आवारात हिफ्ज आणि आलिमच्या वर्गांबरोबर फार्मसी, युनानी वैद्यक, तंत्रनिकेतन आणि अध्यापक विद्यालयही उभे राहिले. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालय निघाले. २०११ मध्ये वस्तानवी देवबंदचे प्रमुख झाले, पण गुजरात सरकारविषयीच्या त्यांच्या विधानांवरून वादळ उठले आणि काही महिन्यांतच ते पद गेले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. या कामाचे कौतुक करावेच लागेल. तरी एक विसंगती नजरेआड करता येत नाही. बी.एड.ला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते आणि आलिमची सनद तशी पदवी धरली जात नाही. त्यामुळे एका आवारात मदरसा आणि अध्यापक विद्यालय असूनही आलिमला त्या वर्गाचे दार थेट उघडत नाही. शिवाय एवढा पसारा मोठ्या देणग्यांवर चालतो. संस्थेची परदेशी देणग्यांची नोंदणी केंद्रीय गृहखात्याने २०२४ मध्ये रद्द केली. अहेरीने याची नक्कल करू म्हटले तरी जमणार नाही, आणि तशी गरजही नाही.

सरकारचे प्रयत्नही उस्तादाला वळसा घालूनच गेले. १९९३-९४ पासूनच्या केंद्रीय योजनांनी मदरशात गणित-विज्ञानाचा बाहेरचा शिक्षक आणून बसवला. त्याचे मानधन वर्षानुवर्षे थकले आणि २०२२ मध्ये योजनाच आटोपली. महाराष्ट्राने डॉ. झाकिर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजनेत ऑक्टोबर २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकाचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड.चे ८ हजारांवरून १८ हजार केले. चांगलेच झाले. पण हा पैसा नव्या विषयांच्या माणसाचा. मुलांना रोज भेटणाऱ्या मौलवींसाठी त्यात काही नाही. शिक्षण हक्क कायद्यातून २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा दोन्ही वगळल्या, तेव्हा शिक्षकाच्या किमान पात्रतेची अटही तिथे लागत नाही.

आता पुन्हा अहेरीकडे वळू. इथे मुस्लिम वस्ती थोडी. प्राणहितेपलीकडे तेलंगणा, बाजारात मराठीबरोबर तेलुगू, आसपासच्या गावांत गोंडी आणि माडिया. मुलांची शाळा बहुधा मराठीत, मक्तबची पुस्तके उर्दूत आणि पाठांतर अरबीत. अशा गावांत इमाम आणि मक्तबचा उस्ताद सहसा एकच असतो आणि अनेकदा तो परराज्यातून आलेला असतो. मूल ज्या भाषेत विचार करते ती त्याला येत नसेल, तर उत्तमातला उत्तम अभ्यासक्रमही पाठांतरापुढे सरकत नाही. मूठभर मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. मोठ्या शहरात एक उस्ताद कच्चा निघाला तर पालक दुसऱ्या मशिदीत मूल पाठवतात. इथे दुसरा पर्याय नसतो, हेच त्याला उत्तर. सरकारने धार्मिक शिक्षणात पडू नये, हा दुसरा आक्षेप मात्र बरोबर आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देण्यास संविधानाचे अनुच्छेद २८ मनाई करते. पण लहान मूल कसे शिकते, मारल्याशिवाय वर्ग कसा सांभाळावा, मराठी बोलणाऱ्या मुलाला दुसरी लिपी कशी शिकवावी, यात धर्म कुठे येतो? गडचिरोलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने सुट्टीत दहा-पंधरा दिवसांचा असा वर्ग ठेवावा आणि तो मक्तबच्या उस्तादांनाही खुला करावा. मशिदींच्या विश्वस्तांनी त्या दिवसांचे मानधन कापू नये, आणि पुढचा उस्ताद नेमताना सनदेबरोबर त्याला मराठी येते का, हेही विचारावे.