मिलमध्ये टाकलेले दहा लाख

दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात धान बाजारात येऊ लागतं आणि राइस मिलना एकदम रोकड लागते. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा संपली की मिलच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा संचालक-भागधारक घरचे, समजा, दहा लाख कंपनीच्या खात्यात टाकतो. मिल आपली, पैसा आपला, मग कागद कशाला? पण कायद्याच्या लेखी कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. हे दहा लाख तिला उसने दिले की भांडवल म्हणून, हे त्याच दिवशी लिहून ठेवायला हवं.

कर्ज असेल तर धंद्यासाठी घेतलेल्या त्या रकमेचं व्याज कंपनी खर्चात धरते आणि भागधारक त्यावर कर भरतो. मुद्दल परत आलं तर ते उत्पन्न नव्हे. भांडवलावर मिळतो लाभांश, आणि तो खर्चात धरता येत नाही. शिवाय भांडवल घटवायचं तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते.

अमेरिकेत 1972च्या मिक्सन खटल्यात न्यायालयाने कर्ज आणि भांडवल ओळखण्याच्या तेरा कसोट्या मोजल्या. आपल्याकडे मुदतींचा धाक मोठा. शेअरसाठी घेतलेल्या पैशावर 60 दिवसांत शेअर दिले नाहीत, तर पुढच्या 15 दिवसांत तो परत करावा लागतो. नाहीतर ती ठेव ठरते. संचालकाचं कर्ज ठेवीत मोडत नाही, मात्र हा पैसा आपण दुसऱ्याकडून उसना आणलेला नाही, असं त्याने लेखी द्यायचं असतं.

रोखीचा मोह तर टाळायलाच हवा. 20,000 किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतलं, तर घेणाऱ्या कंपनीला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. देणाऱ्याकडे पैसा कुठून आला, हेही आयकर खातं विचारतं; भांडवलाबाबत ही अट 2012च्या दुरुस्तीने आली, कर्जाबाबत 2022च्या.

खरी कसोटी पैसा उलट निघाला की लागते. मुलीच्या लग्नासाठी मालक कंपनीतून आठ लाख उचलतो. वहीत त्याचं दहा लाखांचं कर्ज असेल, तर ही साधी परतफेड. ते दहा लाख भांडवलात गेले असतील, तर हीच उचल कंपनीने त्याला दिलेलं कर्ज होते. मतदानाचा दहा टक्के किंवा जास्त हक्क असलेल्या भागधारकाला असं कर्ज मिळालं, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ते लाभांश मानून त्यावर कर लागतो. वर्ष संपण्याआधी पैसे परत भरले तरी सुटका नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तरुलता श्याम खटल्यात सांगितलं आहे.