कुलाबा किल्ला व भरतीचें गणित

अलिबागेसमोरील कुलाबा किल्ल्याचें बांधकाम शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें इ. स. १६८० त सुरू झालें. ओहोटीस तेथें पायीं जातां येतें. भरतीस होडीच लागते. वेळ काढण्याची दर्यावर्दी रीत अशी: पंधरवड्यांतील तिथीचा आंकडा पाऊणपट करावा, म्हणजे भरतीचा सुमाराचा तास येतो, पुढें सहा तासांनीं ओहोटी. अष्टमीस भरती सहाच्या, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असून पाणी फार ओसरतें. अष्टमीच्या भांगांत कमी. दोन दिवसांची जलयात्रा आंखणारानें दुसरे दिवशींची भरती सुमारें पाऊण तास उशिरा धरावी. ज्या जुन्या पत्रांत मिति आहे पण वेळ नाहीं, तेथें गलबतें खाडींत केव्हां शिरूं शकलीं असतील, हें संशोधकास याच गणितानें ताडतां येईल.